पिठातली घट

आमच्या गावात दोन चक्क्या होत्या आणि दोन्ही एकाच घरच्या. मोठ्या भावाची बाजार चौकात, धाकट्याची सौंदडची सडक गावात शिरते तिथे. गावातल्या कोणत्याही घरातून डोक्यावर डबा घेऊन निघा, जायचं त्यांच्याच दारात. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. तिसरी चक्की मी टाकली, आमच्या टोलीत, म्हणजे गावाच्या कडेच्या आमच्या वस्तीत, घराच्या पडवीत. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षं झाली होती. दिवसातून आठ-आठ तास विजेची लाईन जायची, तो काळ.

मी चौथीपर्यंत शिकले. धंद्याचं मला काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट मी वीस वर्षं पाहत होते. चौकातल्या चक्कीवर आमच्या टोलीचे डबे मागे सरकायचे. कोणी तोंडानं काही बोलायचं नाही. मी सकाळी सहाला डबा लावला तरी वरच्या मोहल्ल्यातली बाई आठला यायची आणि पीठ घेऊन माझ्याआधी निघायची. चक्कीवाल्याला विचारलं तर तो म्हणायचा, तुमच्या टोलीची लाखोळी असते, ती दगडात राहते आणि दुसऱ्याच्या गव्हात जाते, म्हणून तुमचं शेवटी दळतो. लाखोळीची डाळ तर गावात सगळेच खात. धानाच्या बांधीत धान उभं असतानाच तिचं बी सगळे फेकतात. वरच्या मोहल्ल्यातलीही लाखोळी तो दळायचा, पण तिचं नाव काढायचा नाही. आम्ही बौद्ध आहोत. कारण मला ठाऊक होतं आणि त्यालाही ठाऊक होतं. लाखोळीचं नाव मधे घेतलं की दोघांचीही तोंडं बंद राहत.

माझा नवरा राइस मिलमध्ये हमाल होता. पाठ गेली तेव्हा मिलनं त्याला घरी पाठवलं. दोन एकर धान होतं, बैलजोडी होती. मी म्हटलं, बैल विकू आणि चक्की टाकू. चार दिवस गेले. मग तो स्वतःच बैल बाजारात घेऊन गेला. त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात बैल नव्हते. शेजारी तोरणाखालून जोड्या नेत होते आणि तो पडवीत मशीनचे नट आवळत बसला होता. त्या दिवशी त्यानं मला सांगून टाकलं की मंडईपर्यंत पाहू. मंडईच्या हप्त्यात चक्की चालली तर चालली, नाही तर चौकवाला घ्यायला तयार आहे, त्याला देऊन टाकू आणि दुसरी जोडी आणू.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, आमच्या गावची सगळ्यात शेवटी, थंडीत. रात्रभर नाटक होतं, दुकानं लागतात, पाव्हणे येतात. घरोघर वडे, भजी, पोळ्या. गावातलं वर्षाचं सगळ्यात जास्त दळण त्याच हप्त्यात निघतं. त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला खटकलं ते दुसरंच. चौकवाला घ्यायला तयार आहे, हे याला कळलं कुठून? मशीन बसून आठ दिवस झाले नव्हते आणि गिऱ्हाईक आधीच तयार होतं.

मशीन जुनी होती, गोंदियाहून आणलेली. विकणारा हिंदीत बोलायचा. त्यानं मला सगळं समजावलं. माताजी, पट्टा ढीला मत रखना, दगडाला पंधरा दिवसांनी टाकी लावून घेणे, और ये देखो, खोलोगे तो पीछे पिठाचा थर निघेल, वो हर चक्की में होता है, भैंस को डाल देना. थर निघायचा खरा. दगड उघडला की मागच्या बाजूला पीठ चिकटलेलं असायचं, दोन-तीन ओंजळी. मी ते घरच्या म्हशीला घालायची.

त्याच दिवशी मी गोंदियातूनच एक तराजू आणला. दोन पारडी, आणि पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत लोखंडी वजनं. ही माझी स्वतःची अक्कल होती, कोणी सांगितली नव्हती. चक्कीवाला पीठ मारतो असं गावात प्रत्येक बाई म्हणायची, पण मोजलं कोणीच नव्हतं. डबा न्यायचा, गहू ओतायचा, पीठ आणायचं, घरी येऊन डब्यात पाहायचं आणि नाक मुरडायचं. माझ्याकडे वरच्या मोहल्ल्यातलं कोणी येईल की नाही याची मला शंका होती. यायचंच नसेल तर न यायला त्यांच्याकडे कारण तयार होतं. निदान चोरीचं कारण तरी त्यांच्या हातात द्यायचं नाही, असं मी ठरवलं. धान्य येईल ते मोजायचं, पीठ जाईल ते मोजायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर.

पहिल्याच दिवशी आमच्याच टोलीतल्या एका म्हातारीनं तराजू पाहून विचारलं, "काऊन व, आमच्यावर भरोसा नाही का तुले?"

मी म्हटलं, तुमच्यावर नाही, माझ्यावर भरोसा बसावा म्हणून आहे. तिनं तराजूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला. पाच किलो गहू होते. पीठ भरलं चार किलो नऊशे. मला वाटलं मशीन नुकतीच बसली आहे, दगडात राहिलं असेल.

दुसरीचे दहा किलो आले, नऊ आठशे झाले. तिसरीची लाखोळी थोडी कमी, चौथीचे तांदूळ थोडे कमी. एकाचंही पूर्ण भरलं नाही. मी तराजूची दोरी पाहिली, पारडी उलटी करून पाहिली. एका दुपारी लाईन गेली तेव्हा सगळी वजनं टोपलीत घालून सौंदडच्या किराणा दुकानात गेले आणि तिथल्या काट्यावर एकेक ठेवून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "अम्मा, वजन तो बराबर है, शक मत करो." वजनं बरोबर होती. म्हणजे पीठ कुठेतरी जात होतं.

मग मी माणसांकडे पाहायला लागले. पडवीत मी आणि नवरा, दोघंच. मी गिऱ्हाइकाशी बोलत असताना तो मशीनपाशी उभा असायचा. चौकवाल्याशी त्याचं आधीच बोलणं झालेलं. चक्की चालू नये असं त्याला वाटत असेल तर पीठ कमी भरणं त्याच्या सोयीचंच होतं. एकदा मी त्याला बाजारात पाठवलं, पडवीचं दार आतून लावलं आणि घरचे पाच किलो गहू एकटीनं दळले. मापून टाकले, मापून काढले. चार किलो नऊशे. मी ते पीठ पुन्हा तोललं. तेवढंच. नवरा चोर नव्हता, हे त्या दिवशी कळलं. त्याला मी हे कधी सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी वरच्या मोहल्ल्यातली पहिली बाई आली. तिच्या सासऱ्याची वीस एकर जमीन होती आणि तिच्या घरचा डबा आजवर चौकाशिवाय कुठे गेला नव्हता. ती आली याचाच मला संशय आला. तिनं कारण सांगितलं की चौकात गर्दी आहे आणि चकल्यांचे तांदूळ लवकर पाहिजेत. पाच किलो तांदूळ, धुवून सावलीत वाळवलेले. मी मोजून घेतले. आमच्या टोलीतल्या चार बाया मागे डबे घेऊन उभ्या होत्या. पीठ निघालं, पारड्यात टाकलं. चार किलो आठशे.

तिनं माझ्या हातातलं दोनशेचं वजन घेतलं, पिठाच्या पारड्यात ठेवलं. पारडं बरोबर झालं.

"इतकं कुठं गेलं व?" ती म्हणाली.

"दगडात राहते."

"मंग दगडातलं काढून दे."

मी मशीन बंद करून, समोरून ठोकून, तोंडाशी अडकलेलं पीठ झाडून तिला दिलं. पन्नास ग्रॅमही झालं नाही. ती चिडली नाही. चिडली असती तर मी भांडले असते. तिनं डबा उचलला आणि जाता जाता मागच्या बायांना सांगितलं की चौकातला निदान मोजून तरी चोरत नाही. बाया हसल्या. आमच्याच टोलीतल्या होत्या, त्याही हसल्या.

त्या दिवसापासून गिऱ्हाईक तुटलं. आठ दिवसांत वरच्या मोहल्ल्यातलं कोणी आलं नाही, आणि आमच्या टोलीतलेही अर्धे डबे परत चौकाकडे जायला लागले. मागे सरकले तरी चालेल, पण जाऊ लागले. चौकवाल्याला डिझेल इंजिन होतं. लाईन गेली की माझी मशीन बंद आणि त्याचं इंजिन सुरू. त्याचा फट्‌फट् आवाज आमच्या पडवीत ऐकू यायचा. लाईन जाते आणि दुसऱ्याच मिनिटाला इंजिन सुरू होतं, हे मी घड्याळ लावून पाहिलं. लाइनमन त्याच्याकडे चहा प्यायचा. मी तेही मनात ठेवलं. एकदा वाटलं जाऊन विचारावं, पण पुरावा काय होता? चहा तर माझ्याकडेही कोणीही पिईल, मी विचारलं तर.

नवऱ्यानं मला टोमणा मारला नाही. तो नुसता संध्याकाळी सडकेवर जाऊन बसायचा आणि कोणाचे बैल कसे आहेत ते येऊन सांगायचा. मला त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

धान कापणी झाली तेव्हा माझी नणंद आली, दरेकशाकडून. तिकडे जंगलात डोंगरात तिचं सासर आणि वर्षातून एकदा ती भावाकडे आठ दिवस राहायची. मोठी हसरी बाई. गावातल्या बायांना ती ओळखत होती, पण लहान वयातच लग्न होऊन गेली होती, चक्कीवाल्यानं तिला ओळखलं नसतं. मी तिला घट सांगितली. चक्कीच्या धंद्यात दळताना जे कमी होतं त्याला घट म्हणतात, हा शब्द तेवढा मला गोंदियाच्या माणसाकडून मधे कळला होता, ती का येते हे त्यानं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे घट येते तर त्याच्याकडे किती येते ते पाहायचं आहे.

"म्हंजे मले चोरावर चोर सोडून रायली तू," नणंद म्हणाली. "मले काय देशील?"

मी म्हटलं, ते पीठ तुलाच. घरी मी दहा किलो गहू माझ्याच तराजूवर मोजले, डबा तिच्या डोक्यावर दिला. ती चौकात गेली, पाव्हणी आहे म्हणाली, तिथेच ओट्यावर बसली आणि त्याला दरेकशाच्या अस्वलांच्या गोष्टी सांगत राहिली. तासाभरानं आली. मी डबा तराजूवर टाकला. नऊ किलो सहाशे.

माझे दहा किलोला दोनशे जात होते. त्याचे चारशे.

नणंद म्हणाली की ती सारखी पाहत होती, त्यानं एक मूठही बाजूला काढली नाही. मला तिच्या पाहण्यावर विश्वास नव्हता. अस्वलाची गोष्ट सांगताना तिचे हात-पाय-डोळे सगळेच अस्वलाकडे असतात. पण मला पाहिजे होतं ते मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाण्याला बाया जमल्या तेव्हा मी सांगितलं. आवाज चढवून सांगितलं नाही, हंडा भरता भरता सांगितलं. त्याच्याकडे माझ्या दुप्पट जाते, मोजून पाहिलं, खोटं वाटत असेल तर तुम्ही घरून मोजून न्या.

त्यांनी खरंच नेलं. पंधरा दिवसांत गावात तराजू निघाले. कोणाचा किराणा दुकानातला, कोणाचा मोहफुलं तोलायचा, कोणाचा स्प्रिंगचा ताणकाटा. चौकात बाया डबे घेऊन उभ्या राहायच्या आणि पीठ मोजायच्या. तिथे रोज भांडणं. माझ्याकडे मात्र कोणी जास्त आलं नाही. मला वाटलं होतं, तो चोर ठरला की मी साव ठरेन. तसं झालं नाही. लोकांनी ठरवलं की दोघेही चोर, एक लहान एक मोठा. काही घरांनी तर तिसराच रस्ता धरला. सडकेवरच्या चक्कीवर, म्हणजे त्याच्याच धाकट्या भावाकडे जायला लागले. घरचं गिऱ्हाईक घरातच राहिलं.

मंडईला बारा दिवस उरले असताना एका सकाळी चौकवाला माझ्या दारात आला. थंडी होती, डोक्याला मफलर, काखेत स्टीलची परात. त्याचं वय तेव्हा पासष्टच्या वर. तो आमच्या टोलीत येताना मी कधी पाहिला नव्हता. मी डोक्यावर पदर घेतला आणि काकाजी म्हणून पाट पुढे केला. तो बसला नाही.

"लाईन आहे का?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं.

"घरचे गहू टाक. दोन किलो टाक."

मला वाटलं हा मशीन पाहायला आला आहे. नवराही तसंच समजला आणि लगबगीनं गहू घेऊन आला. मी मशीन सुरू केली. पीठ डब्यात पडायला लागलं, थंडीत त्याला वाफ दिसत होती. रोज दिसायची. म्हाताऱ्यानं परात बाहेर नेली, उघड्यावर धरली, थंड केली आणि आणून डब्यावर पालथी घातली. थोड्या वेळानं त्यानं परात उचलून उलटी केली. आतून बारीक थेंब धरले होते. त्यानं बोट फिरवलं, बोट ओलं झालं. ते बोट त्यानं माझ्यासमोर धरलं.

"हा पाह्य तुझा चोर," तो म्हणाला. "दगड गरम होते, गव्हातलं पाणी उडते. ओलं धान्य आणलं तर जास्त उडते. तीस वर्षांपासून मले मालूम आहे. कोणाले सांगतलं नाही. सांगून काय फायदा? मोजत कोण होतं? तूच मोजत बसली. तुले कोण सांगतलं होतं तराजू आणाले?"

मला चकल्यांचे तांदूळ आठवले. धुतलेले, सावलीत वाळवलेले. चोरी म्हणून माझ्या माथी मारलेलं पाणी होतं ते.

मी म्हटलं, "काकाजी, हे मले काऊन सांगून रायले तुम्ही?"

"तू तराजू काढ. मी पण लोकांना सांगतो, घट सगळीकडे येते, त्या बाईची पण येते, माझी पण येते. मंडईच्या तोंडावर दोघांचं नुकसान कायले?"

"आन नाही काढला तर?"

"तर मंडई झाल्यावर मशीन मले दे. भाव बरोबर देईन." तो नवऱ्याकडे पाहून बोलला.

तो गेल्यावर नवरा म्हणाला की म्हातारा खरं बोलला. मी म्हटलं, खरं बोलला हे मी पाहिलं, पण बोलायला आला का? माझ्या बदनामीचे पंधरा दिवस तो गप्प होता. त्याची बदनामी सुरू झाली तेव्हा त्याला परात सापडली. आणि पाण्याचंच म्हणाल तर माझ्या गव्हातून दोनशे उडालं आणि तेच गहू त्याच्या चक्कीत गेले तर चारशे कसं उडालं? त्याचा दगड माझ्यापेक्षा जास्त गरम होतो का? नवरा म्हणाला, जुना दगड आहे, होत असेल.

तराजू मी लगेच काढला नाही. मी विचार केला की मीच बायांना परात दाखवते. आधी माझ्याच टोलीतल्या बायांना दाखवली. त्या म्हणाल्या, परात ओली होती. मी कोरड्या लुगड्यानं पुसून पुन्हा दाखवली. एक म्हणाली, थंडीत कोणत्याही भांड्याला पाणी सुटते. खरं दाखवण्यासारखं जेवढं होतं तेवढं मी दाखवलं. कोणाला पटलं नाही, कारण पटलं असतं तर तीस वर्षं चक्कीवाल्याला दिलेल्या शिव्या परत घ्याव्या लागल्या असत्या.

मंडईच्या पाच दिवस आधी ती वरच्या मोहल्ल्यातली बाई पुन्हा आली. चौकात सकाळीच कडाक्याचं भांडण झालं होतं आणि तिच्या घरी तर पाव्हणे येऊन बसले होते. दहा किलो गहू आणले होते. मी परात दाखवली नाही, काही समजावलं नाही. दळलं आणि मोजलं. दोनशे कमी. तिनं तराजूकडे पाहिलं, मग मशीनखाली पाहिलं. मशीनखाली, पट्ट्याच्या बाजूला, तोंडाच्या खालच्या फळीवर दिवसभराचं उडालेलं पीठ बसलेलं असतं. कोणाचा गहू, कोणाचा तांदूळ, कोणाची लाखोळी, सगळं एकत्र. ते झाडण चक्कीवाल्याचं, हा सगळ्या गावांत रिवाज आहे. कोणी त्याला हात लावत नाही.

तिनं लावला. वाकली, पदरानं फळी पुसली, हातानं सगळं गोळा केलं आणि स्वतःच्या पांढऱ्या पिठावर ते मळकट पीठ टाकलं. मूठ-दीड मूठ असेल. मग ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आता बराबर झालं."

बरोबर झालं नव्हतं. मोजलं असतं तर शंभरही वाढलं नसतं, आणि त्यात लाखोळी होती, म्हाताऱ्याचं ते लाखोळीचं कारण होतं ना, ती लाखोळी. आमच्या टोलीतली. पण तिनं मोजायला सांगितलं नाही. डबा उचलून समाधानानं गेली. रिवाज मोडून माझं झाडण नेलं म्हणून मला राग आला होता. तो राग मी तोंडातच ठेवला आणि तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे पाहत राहिले. तिच्या चालण्यावरून मला कळलं की ती उद्या परत येणार.

मी तराजू काढला. नवऱ्याला सांगून त्या जागी खिळा ठोकला आणि एक कुंचा टांगला. येईल त्या बाईला सांगायला लागले, तुझं दळण झालं की तुझ्या हातानं मशीन झाडून घे, फळीवरचं, खालचं, सगळं तुझं. एक कणही मी ठेवत नाही. बाया आधी माझ्या तोंडाकडे पाहायच्या, यात काय डाव आहे म्हणून. मग कुंचा घ्यायच्या. आणि इतक्या बारकाईनं झाडायच्या की माझी पडवी तशी स्वच्छ कधी नव्हती. प्रत्येकीला वाटायचं आधीच्या बाईचं थोडं आपल्याला आलं. आधीचीला वाटायचं तिच्या आधीचीचं तिला आलं. घट तेवढीच होती. ती कोणी विचारली नाही.

मंडईच्या हप्त्यात माझ्या पडवीत डबे मावले नाहीत, अंगणात रांग लागली. लाईन गेली तरी बाया डबा उचलून चौकात गेल्या नाहीत, तिथेच बसून राहिल्या. कारण चौकात कुंचा नव्हता. पुढे चौकवाल्यानंही कुंचा टांगला, पण म्हणे तो नोकराला झाडायला लावायचा आणि नोकर त्याच्याकडे पाहून झाडायचा. बायांना ते कळायचं. मंडई संपली त्या संध्याकाळी नवरा सडकेवर गेला नाही. मशीनपाशी बसून पट्ट्याला मेण लावत होता. बैलांचं नाव त्यानं त्यानंतर काढलं नाही.

तराजूची पारडी मी कोंबड्यांच्या पाण्याला ठेवली. वजनं कामाला आली. दळण झालं की मशीनला समोरून ठोकावं लागतं, म्हणजे तोंडाशी अडकलेलं पीठ पडतं. त्यासाठी मी एक किलोचं वजन वापरायची. ते मशीनवरच ठेवलेलं असायचं.

पुढे आठ-नऊ वर्षं चक्की चालली. लाईन जाणं कमी झालं, मग म्हाताऱ्याच्या इंजिनाचा उपयोगही कमी झाला. दुकानात थैलीतलं पीठ मिळायला लागलं. तो म्हातारा गेला. मुलगा गोंदियाला नोकरीला होता, त्यानं इंजिन आणि मशीन भंगारात दिली. सून मात्र सासूपाशी गावातच राहिली. चौकातली चक्की बंद होऊन महिना झाला असेल तेव्हा ती, सडकेवरच्या चुलत सासऱ्याकडे न जाता, डबा घेऊन माझ्याकडे आली. तिच्या डब्यात गहू होते. रांगेत उभी राहिली. आमच्या टोलीतल्या दोन बाया तिच्या पुढे होत्या, त्यांचं आधी दळलं.

तिचं दळून झालं. मी म्हटलं, कुंचा घे. ती म्हणाली, थांबा काकू. तिनं मशीनवरचं एक किलोचं वजन उचललं. मला वाटलं समोरून ठोकेल. ती मशीनच्या मागे गेली, वाकली, आणि खाली, जिथे पत्र्याचा जोड आहे, तिथे हळू पण नेमके दोन ठोके दिले. तोंडातून भसकन पीठ पडलं. मूठ नाही, भरली ओंजळ.

नऊ वर्षं मी ती मशीन चालवत होते. दगड उघडला की मागे थर निघायचा, तो म्हशीला जायचा. हर चक्की में होता है. तिथे ठोकलं की तो पडतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडून जात होतं त्यात पाणी किती होतं आणि म्हैस किती होती, हे आता मी कोणाला सांगणार? आणि म्हाताऱ्यानं त्या थंडीत परात उचलून दाखवली तेव्हा तो मशीनच्या समोर उभा होता. मागे गेला नव्हता.

मी सुनेकडे पाहिलं. ती डब्यातलं पीठ हातानं सारखं करत होती. मी विचारलं, कोणी शिकवलं हे?

"घरी पाहिलं," ती म्हणाली.

घरी काय पाहिलं, गिऱ्हाइकासमोर ठोकताना पाहिलं की गिऱ्हाईक गेल्यावर, हे मी विचारलं नाही. तिनं वजन होतं तिथे ठेवलं, कुंचा घेतला, फळी झाडली, खालचं झाडलं, पट्ट्याच्या बाजूचंही झाडलं, आणि कुंचा परत खिळ्याला अडकवला. रांगेतल्या सगळ्या बायांनी ते दोन ठोके पाहिले होते. पुढची बाई डबा घेऊन सरळ मशीनच्या मागे जाऊन उभी राहिली.